दर गाडीला एक थेंब

द्वारकाबाईंच्या उजव्या डोळ्यावर अन्याय झाला तो आठ मे १९७४ च्या सकाळपासून अठ्ठावीस मे १९७४ च्या दुपारपर्यंत. एकवीस दिवस. द्वारकाबाई म्हणजे जळगावच्या एका डाळ मिलमध्ये तूरडाळ निवडणारी बाई. वय तेव्हा तिशीच्या आतबाहेर, नवरा वारलेला, घरात एकटे सासरे. अन्याय करणाऱ्याचं नाव मला ठाऊक आहे आणि ते मी या लेखात छापणार आहे. पण लगेच नाही. ज्या क्रमानं मी संशय घेत गेलो त्याच क्रमानं तुम्हीही या. म्हणजे संशय घेणं किती सोपं असतं ते तुम्हाला कळेल.

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, 'डोळ्यांच्या दवाखान्यातले चार गमतीदार अनुभव द्या.' गमती आहेत. एका मास्तरांनी चष्म्याचा नंबर काढताना समोरचा तक्ता पाठ करून म्हणून दाखवला होता. एका आजीनं डोळ्यात घालायचं मलम भाकरीला लावून खाल्लं आणि वर 'चव नाही' अशी तक्रार केली. झाल्या गमती. आता कामाचं बोलू.

मी सात वर्षं जळगावात डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. कंपाउंडर म्हणजे काय हे हल्लीच्या गोळ्यांच्या पाकिटांवर वाढलेल्या लोकांना सांगायला हवं. बाटलीत औषध मिसळायचं, बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची आणि त्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही खाच कळते. अडाणी माणसाला अडाणी न म्हणता औषध समजावणं ही आमची विद्या. तिचा मला गर्व होता. तो गर्व या लेखात पुढे उपयोगी पडणार आहे.

दवाखाना सुटला की मी पत्रकं काढायचो. आमचा चारपाच पोरांचा गट होता. भेसळीविरुद्ध पत्रक, नळाच्या पाण्यासाठी पत्रक, महागाईविरुद्ध पत्रक. छापखाना ओळखीचा, कागद पिवळा, कारण तो स्वस्त. पत्रकानं मला एक वाईट सवय लावली. कोणतीही गोष्ट सांगायची म्हटलं की तिची घोषणाच होते. यमक जुळलं की मला वाटायचं, सत्य सापडलं.

आता डोळ्याकडे येतो.

डोळा लाल होण्याची शंभर कारणं असतात. डाळ मिलमध्ये तर फोलपटाची धूळ हेच मोठं कारण. तिथला मुकादम सदऱ्याच्या खिशात एक छोटी बाटली बाळगायचा. डोळा लाल झाला की बाईला उन्हात उभी करायचा आणि दोन थेंब टाकायचा. संध्याकाळपर्यंत लाली गायब. बाया त्याला 'डाक्तर मुकादम' म्हणायच्या आणि तो फुगायचा. ही बाटली औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायची. तिच्यात स्टिरॉइड असतं. लाली म्हणजे शरीराची तक्रार. स्टिरॉइड ती तक्रार बंद करतं. चोर घरातच, आणि पोलिसांनी फिर्यादीलाच आत टाकलं, असा हा प्रकार. धुळीची लाली असेल तर निभावतं. पण आत हर्पिसचा विषाणू असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. आमचे डॉक्टर म्हणायचे, 'प्रल्हाद, या बाटलीनं जेवढे डोळे घालवले तेवढे काट्यांनीसुद्धा घालवले नसतील.'

हर्पिस तुमच्याही ओळखीचा आहे. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला फोड उठतात, ते त्याचेच. ते बरे होतात, पण तो जात नाही. शिरेच्या मुळाशी दडून बसतो आणि पुन्हा केव्हातरी बाहेर येतो. कधी तो डोळ्याच्या काचेवर उगवतो. काच म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा.

ओळखायची रीत खानदेशाला शोभेल अशी आहे. कापसाची बारीक वात वळायची आणि तिचं टोक काचेला हळूच लावायचं. चांगला डोळा लगेच मिटतो. हर्पिसचा डोळा बधिर असतो, तो तसाच बघत राहतो. मग नारिंगी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला टेकवायची आणि निळ्या काचेच्या बॅटरीनं पाहायचं. काचेवर हिरवी फांदी दिसते. पानं झडलेल्या बोरीची डहाळी असावी तशी, प्रत्येक टोकाला बारीक गाठ. दिसायला फार सुंदर. मला तिचा राग यायचा.

चार मेच्या शनिवारी द्वारकाबाईंच्या उजव्या डोळ्यात ती फांदी दिसली. मी वात लावली तर डोळा हलला नाही. सोबत सासरे होते. सारी वस्ती त्यांना नाना म्हणायची. डोक्याला पांढरा फेटा, हातात काठी, आणि प्रत्येक गोष्टीवर अविश्वास.

'मुकादमाचे थेंब घातले का?' मी दरडावून विचारलं.

'नही वो भाऊ,' बाई म्हणाली. 'त्यानी बाटली काढी, मी पयनू.'

पळून आली होती. शाबास.

डॉक्टरांनी जे औषध लिहिलं ते तेव्हा आमच्याकडे नवंच होतं. मुंबईहून यायचं, गावात एकाच दुकानात मिळायचं, थंड ठेवावं लागायचं. त्याआधी या रोगावर आम्ही काय करायचो? काच पुसून काढायची, पट्टी बांधायची, वाट बघायची. विषाणूला थेट अडवणारं असं काही नव्हतंच. पेनिसिलिन त्याच्यापुढे फुकट. कारण विषाणू खातपीत नाही, स्वतःचं घर बांधत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच कारखान्यात स्वतःच्या नकला काढून घेतो. दुसऱ्याच्या छापखान्यात, दुसऱ्याच्या शाईनं, आपलंच पत्रक. नक्कल काढायची तर त्याला चार प्रकारचे दाणे ओवून लांब माळ करावी लागते. नवं औषध या चारांपैकी एका दाण्यासारखं दिसतं. तो नकली दाणा माळेत जातो, माळ बिघडते, आणि त्या माळेतून पुढचा धड विषाणू निघत नाही.

हे मी द्वारकाबाईंना सांगितलं. दाणे, माळ. बाईच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग मला तिचं काम आठवलं.

'बाई, तूरडाळीत ती पाय लुळे करणारी लाखडाळ मिसळली तर तुम्ही ओळखता?'

'वळखाले काय शे? लाख चपटी, कोनानी. हात लावताच समजस.'

'आणि ज्याला ओळखता येत नाही?'

'तो वरण खास आन मंग बसस पाय धरीसन.'

'झालं तर! हा विषाणू आंधळा आहे. त्याला तूर आणि लाख यातला फरक कळत नाही. आपण त्याच्या पोत्यात लाख टाकायची.'

बाई खळखळून हसली. 'म्हंजे तुम्ही भेसळ करतस म्हना ना सरळ! भिंतीवर तं लावतस, भेसळवाल्याले फाशी द्या!'

ती एवढं बोलली आणि दवाखान्यात बसलेले सगळे हसले. मीही हसलो. भेसळीविरुद्ध इतकी पत्रकं काढणारा मी, आणि पोटासाठी भेसळीचं औषध विकतो.

पण या भेसळीत दोन अडचणी आहेत. पहिली, आपल्या स्वतःच्या पेशीही नवी पेशी घडवताना हेच दाणे वापरतात. नकली दाणा त्यांच्याही माळेत जातो. विषाणूचं काम घाईचं, म्हणून त्याच्या पोत्यात लाख जास्त जाते, इतकंच. म्हणून हे औषध पोटात घ्यायचं नाही, डोळ्यात फक्त थेंब. दुसरी अडचण जास्त मोठी. थेंब डोळ्यात टिकत नाही. अश्रू त्याला काही मिनिटांत धुऊन नेतात. विषाणू मात्र सुट्टी घेत नाही. म्हणून दिवसा दर तासाला एक थेंब, रात्री दर दोन तासांनी. चुकलात की त्या वेळात तो शुद्ध तूर ओवून मोकळा होतो. आणि फरक? तो तीनचार दिवस दिसतच नाही. मुकादमाच्या बाटलीनं संध्याकाळी लाली जाते. आमच्या बाटलीनं लाली तशीच. म्हणून लोकांना आमचं औषध पाणी वाटायचं आणि त्याचं विष हे औषध.

दर तासाला. आता सांगा, ज्याच्या घरी घड्याळ नाही त्याला तास कसा सांगाल?

'नाना, घड्याळ आहे का घरात?'

'घड्याय? मना बापनीबी पाह्यं नही.'

'मग वेळ कशी कळते?'

'गाडी शे ना!' नाना म्हणाले. त्यांची वस्ती जळगावहून पाचोऱ्याकडे जाताना रुळाला अगदी लागून. नानांनी काठी आपटत मला सगळ्या गाड्या सांगितल्या. कोणती पॅसेंजर, कोणती मालगाडी, कोणती मेल, कोणती कितीदा शिट्टी मारते. डोळे मिटूनही ते ओळखायचे.

मला ही कल्पना इतकी आवडली की रविवारी मी स्वतः सायकलवर गेलो आणि रुळाकडेच्या लिंबाखाली बसून गाड्या मोजल्या. मुंबईकडे जाणाऱ्या धरल्या तर दिवसा जवळजवळ तासाला एक पडत होती. रात्रीसाठी एक सोडून एक. जमलं! त्याच आठवड्यात एका पेशंटनं अर्धी बाटली एका सकाळी ओतून घेतली होती, 'लवकर बरं होईल' म्हणून. तो राग माझ्या डोक्यात होता. म्हणून मी नानांना बोट नाचवून बजावलं, 'मुंबईकडे जाणारी गाडी गेली की एक थेंब. आधी नाही. मधे नाही. मनानं टाकलात तर डोळा जाईल. गाडी नाही, तर थेंब नाही!'

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मी स्वतःवर खूश झालो. त्याच संध्याकाळी छापखान्यात गेलो. तिथे आगगाडीचा एक जुना ठसा होता. वर आगगाडी, खाली मोठ्या टाइपात 'घड्याळ नसेल तरी चालेल! दर गाडीला एक थेंब! गाडी नाही, तर थेंब नाही!' पिवळ्या कागदावर गठ्ठा छापला. रुळाकडेच्या गावांत वाटला, दुसऱ्या दवाखान्यांच्या कंपाउंडरांना दिला. सगळ्यांनी पाठ थोपटली. डॉक्टरांनी तेवढा चष्मा वर करून विचारलं, 'तू त्यांना तास सांगितलास की गाडी सांगितलीस?' मला वाटलं, म्हातारा जळतो.

सात मेला मंगळवारी नाना आणि द्वारकाबाई पुन्हा आले. डॉक्टरांनी बॅटरी लावली आणि मला हाक मारली. फांदी निम्मी झाली होती. टोकं गळून मधला बुंधा तेवढा राहिला होता. डॉक्टर बाईंना म्हणाले, 'आठवडाभर असंच चालू ठेवा. डोळा वाचला म्हणून समजा.' नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी, आठ मेला, देशभर रेल्वेचा संप सुरू झाला.

मी संपाच्या बाजूनं होतो. आजही आहे. कामगारांच्या मागण्या खऱ्या होत्या आणि त्यांच्या बायकापोरांचे हाल मी भुसावळच्या क्वार्टर्समध्ये डोळ्यांनी पाहिले. त्या दिवसांत दवाखाना सुटला की मी पत्रकांची पिशवी घेऊन तिकडेच पळायचो. गाडी थांबली की आम्ही टाळ्या वाजवायचो. मी टाळ्या वाजवल्या, हे इथे लिहून ठेवतो.

चौदा मेला द्वारकाबाई एस.टी.नं आल्या. डॉक्टरांनी बॅटरी लावली. फांदीचा नकाशा झाला होता. अर्ध्या काचेवर हिरवा डाग पसरलेला, कडा वेड्यावाकड्या.

'थेंब टाकता ना?'

'टाकतस ना,' बाई म्हणाली. 'ह्या भाऊनी सांगं तसंच.'

डॉक्टरांनी काच पुसून काढली. नवी बाटली दिली. जुनी मी काढून घेतली. ती निम्म्याहून जास्त भरलेली होती.

इथे थांबा. तुम्ही शहाणे असाल तर तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. दहा दिवस वापरलेली बाटली निम्म्याहून जास्त भरलेली आहे, यावरून माझ्या डोक्यात एकच निष्कर्ष निघाला: कोणीतरी तिच्यात पाणी घातलंय.

पहिला संशयित मुकादम. मी मिलच्या फाटकात त्याला गाठलं.

'द्वारकाबाईच्या डोळ्यात तू थेंब टाकलेस. कबूल कर!'

'अय कंपाउंडर,' तो म्हणाला, 'चार तारखेपासून बाई मिलमध्ये आलेली नाही. थेंब काय तारेनं पाठवले का मी?' हजेरी पाहिली. खरं होतं. बाकीच्या बायांचे डोळे घालवल्याबद्दल मी त्याला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, 'बरं वाटतं म्हणून येतात ना त्या?' मी सायकल वळवली. त्या प्रश्नाला अजूनही सोपं उत्तर नाही.

दुसरा संशयित मोतीभाऊ. त्या औषधाचा गावात तो एकच विक्रेता. त्याचे आजोबा राजस्थानातून आले. मोठं दुकान, गोड बोलणं. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध खटला आधीच तयार होता, फक्त पुरावा यायचा राहिला होता. मारवाडी दुकानदार म्हटला की पाणी घालणारच, हे मला लहानपणापासून कोणीतरी पढवलं होतं आणि मी ते कधी तपासलं नव्हतं. जो माणूस सगळ्यावर संशय घेतो तो एका जागी संशय घ्यायला विसरतो, ती जागा म्हणजे त्याचं स्वतःचं डोकं.

एकवीस मेला बाई पुन्हा आल्या. डाग दाट झाला होता, खाली काच पांढुरकी दिसत होती. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं, 'सावधान! डोळ्यात पाणी घालणारा व्यापारी!' नाव घालून. एक प्रत मोतीभाऊच्याच दुकानाच्या भिंतीला चिकटवली, खळ लावून, हातानं दाबून.

एक आठवडा गेला. मोतीभाऊनं ते फाडलं नाही. अठ्ठावीस मेच्या सकाळी त्याचा निरोप आला, बाटली घेऊन ये. आदल्या दिवशी संप मागे घेतल्याची बातमी आली होती आणि मी दुखावलेल्या मनानं भांडायच्याच तयारीनं गेलो.

'बैस, प्रल्हादभाऊ,' मोतीभाऊ म्हणाला. 'पत्रक वाचलं. अक्षर छान उठलंय.'

'फाडलं का नाहीस?'

'फाडलं असतं तर लोक म्हणाले असते, खरं असेल. ती बाटली टेबलावर ठेव. दिवसाचे किती थेंब?'

'सोळा-सतरा. रात्रीचे चार.'

'म्हणजे वीस. दहा दिवसांचे दोनशे. एवढ्या बाटलीत थेंब किती निघतात? तूच सांग, धंदा तुझा.'

'दोनशेच.'

'मग ही रिकामी पाहिजे होती.'

'म्हणून तर म्हणतो, पाणी घालून—'

'अरे भल्या माणसा,' मोतीभाऊनं बाटली उचलून माझ्या नाकासमोर धरली, 'मी औषध विकलं किंवा पाणी विकलं, थेंब तर पडतील ना? पाणी असतं तरी बाटली संपली असती! निम्म्याहून कमी गेलंय, म्हणजे ऐंशीएक थेंब. चार दिवस टाकलं, मग बंद.'

मी बाटली उजेडात धरून पाहिली.

'आणि ऐक,' तो म्हणाला, आता मात्र त्याचा आवाज चढला. 'ते लाल डोळ्याचं औषध मी चिठ्ठीशिवाय विकतो. त्यावर पत्रक काढ, मी मान खाली घालीन. ते नाही काढलंस. ही बाटली मी बर्फात घालून मांडीवर धरून मुंबईहून आणली, आणि हिच्यात पाणी?'

चार दिवस टाकलं, मग बंद. चार मेपासून चार दिवस. मी तारखा आठवल्या. सायकल काढली आणि पाचोऱ्याच्या रस्त्याला लागलो. डोक्यावर मेचं ऊन होतं. मनात अजून आशा होती की नाना म्हातारे आहेत, विसरले असतील. दुसऱ्याची चूक सापडावी म्हणून मी पायडल मारत होतो.

वस्तीत पोचलो. माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळलेली नवी बाटली लटकत होती. फडकं ओलं, बाटली थंड. सगळं मी सांगितलं तसं. बाटली जवळजवळ भरलेली.

'नाना, थेंब का नाही टाकले?'

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वेड्याकडे बघतात.

'गाडी कुठे शे, भाऊ?'

'काय?'

'गाडीच उनी नही. दिवसमा एखादी ये, कधी तीबी नही. ती उनी का टाकू. सून रोज म्हने, नाना, टाका ना, डोया ठनकस. मी म्हनू, नही पोरी. कंपाउंडरभाऊनी बजाडेल शे, मनमा ऊनं म्हनीसन टाकं तं डोया जाई. गाडी नही तं थेंब नही.'

माझं वाक्य. शब्दन् शब्द.

द्वारकाबाई दारात बसल्या होत्या, पदर उजव्या डोळ्यावर ओढून. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात लांबून शिट्टी आली. संप मिटला होता. दुपारची पॅसेंजर पाचोऱ्याकडे निघाली होती. नाना काठी टेकत उठले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

'उनी! पोरी, आडवी हो, उनी गाडी!'

आणि त्यांनी फडकं सोडलं, गाडी पूर्ण जाईपर्यंत थांबले, शेवटचा डबा गेल्यावर सुनेच्या डोळ्यात एक थेंब टाकला. एकच. अगदी मधोमध. हात जरासुद्धा हलला नाही.

तर अन्याय करणाऱ्याचं नाव प्रल्हाद कंपाउंडर. छापा.

डोळ्यात फूल पडलं. पांढरं, बुबुळाच्या मधोमध. थेंब त्या दिवसापासून तासाला सुरू झाले, मी माझं मनगटी घड्याळ नानांना देऊन आलो आणि मोठा काटा कुठे आला की टाकायचं ते शिकवलं. नाना दोन दिवसांत शिकले. दोन दिवसांत! विषाणू थांबला. औषधानं आपलं काम चोख केलं. पण ते नक्कल थांबवतं, झालेली जखम भरून काच पुन्हा पारदर्शक करत नाही. द्वारकाबाईंना उजव्या डोळ्यानं आता उजेड कळतो, माणूस कळत नाही. एका डोळ्यानं लाख आणि तूर वेगळी करायला वेळ लागतो, म्हणून मिलनं त्यांना बारदान शिवायला बसवलं. हाताला कळतं, त्या म्हणतात, पण मुकादमाला घाई असते.

मोतीभाऊच्या भिंतीवरचं पत्रक मी स्वतः खरवडून काढलं. तो स्टुलावर बसून बघत होता. 'कोपरा राहिला,' एवढंच म्हणाला. लाल डोळ्याचं औषध तो आता चिठ्ठीशिवाय विकत नाही असं सांगतो. माझा अजून पूर्ण विश्वास नाही.

आणि हे सगळं मी चार वर्षांनी का लिहितो? मधली काही वर्षं पत्रकं काढायची सोय नव्हती, हे तुम्ही जाणता. पण खरं कारण ते नव्हे. लाजेनं गप्प होतो. यंदा श्रावणात कामाला शिंदखेड्याला गेलो होतो. तिथल्या एका दवाखान्याच्या भिंतीवर पिवळा कागद दिसला. आगगाडी. 'गाडी नाही, तर थेंब नाही!' शिंदखेड्याच्या रुळावरून दिवसाला गाड्या किती जातात, तुम्हीच मोजा.

मी तिथल्या कंपाउंडरला म्हटलं, 'हे काढून टाका.'

'का हो? छान आहे. लोकांना चित्रावरून कळतं. मी सगळ्यांना हेच सांगतो.'

'चुकीचं आहे ते. लिहिणारा मीच.'

'तुम्ही?' त्यानं उठून माझा हात हातात घेतला. 'मग यावर एक सही करा ना, दादा!'

मी ते फाडलं. तो माझ्यावर ओरडला. ओरडू दे. पण एक कागद फाटला. गठ्ठ्यातले बाकीचे कुठे आहेत ते मला ठाऊक नाही. यमक चांगलं आहे म्हणून लोक ते जपून ठेवतात. चित्र आहे म्हणून पोरं भिंतीवरून काढू देत नाहीत. दिवाळीला भिंती सारवताना, रंगवताना बाया त्याच्या कडेकडेनं हात फिरवतात.

मला तुमची क्षमा नको. 'प्रांजळ लिहिलंय' असं पत्रही नको. तुम्ही जळगावात असा, धुळ्यात असा, रुळाकडेच्या कुठल्याही वस्तीत असा, हा अंक खाली ठेवा आणि भिंत बघा. तुमची, शेजाऱ्याची, दवाखान्याची. आगगाडीचा पिवळा कागद दिसला की फाडा. कोपरा ठेवू नका. आणि त्या जागी खडूनं, कोळशानं, जे हाताशी असेल त्यानं लिहा: गाडी येवो न येवो, तासाला थेंब टाका. यमक जुळत नाही. तसंच राहू द्या. आजच लिहा.